विहिरीला पेट्रोलचा वास – पाणी कुठे आणि कसं तपासायचं?

रहाट | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी लिहितोय, तेही गळ्याशी आल्यावर.

आमची विहीर आजोबांनी खोदलेली. ४२ फूट खोल, वर बांधीव कठडा, खाली काळा पाषाण. घरातलं पिण्याचं पाणी, तीन जनावरं आणि दीड एकर डाळिंब, सगळं तिच्यावर. पंधरा दिवसांपूर्वी आई म्हणाली, "चहाला रॉकेलचा वास येतोय रे." मी म्हटलं दूध फिरलं असेल. परवा मोटर लावली तर हौदात सप्तरंगी तवंग. बादलीत नाक घातलं आणि पंपावर गाडीत तेल भरताना येतो तोच वास.

हायवे आमच्या बांधापासून दीडशे मीटरवर. पलीकडे पेट्रोल पंप, बारा-तेरा वर्षं झाली. मालक नात्यातलेच, दिवाळीचा फराळ जातो-येतो, त्यामुळे एकदम बोट दाखवता येत नाही. तालुक्याला पाणी तपासून आणलं, रिपोर्ट आला 'पिण्यास योग्य'. आता आप्पा म्हणतात वास तुझ्या डोक्यातच आहे.

विहिरीत पाणी कमी आहे म्हणून उद्या गाळ काढायला गडी उतरवायचं ठरलंय. आप्पा नेहमीप्रमाणे आधी कंदील सोडून बघणार. पुढे काय करू सांगा.

---

कातळकडा | १२ मे, रात्री ९:५२

बाकी सगळं नंतर. कंदील सोडू नका. गडी उतरवू नका. आत्ता आप्पांना जाऊन सांगा.

कंदिलाची रीत कोंदट हवेसाठी आहे. ज्योत विझली की खाली प्राणवायू नाही असं समजायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीत तळाशी साचते. तिथे ज्योत विझणार नाही, भडका उडेल. विडीसुद्धा नको. आणि ज्योत न लावता माणूस उतरला तरी त्या वाफेनं गरगरून पडायचा.

---

रहाट | १२ मे, रात्री १०:१५

सांगितलं. आप्पा चिडले, पण गडी रद्द केला. आभार.

---

सांजवात | १३ मे, सकाळी ७:०५

बापरे. रहाट, तोवर पाणी उकळून प्या. आणि आरओ असेल तर काळजी नाही ना?

---

मीठभाकर | १३ मे, सकाळी ७:४०

सांजवातताई, नाही हो. उकळल्यावर पेट्रोलमधलं बेंझीन उडून जातं हे खरं, पण ते जातं तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत, आणि तुम्ही तिथेच उभ्या. गरम पाण्याच्या अंघोळीचंही तेच. बेंझीन हा सिद्ध झालेला कर्करोगकारक पदार्थ आहे. घरगुती आरओवर याबाबतीत विसंबता येत नाही, तेलकट पाण्यानं पडदा उलट खराब होतो. कोळशाच्या फिल्टरमध्ये अडकतं खरं, पण फिल्टर कधी भरला ते बाहेरून कळत नाही. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, तिन्ही बंद. टँकर मागवा.

माझी ओळख: न्यू जर्सीत राहते. एकोणीस वर्षं पेट्रोल पंपांभोवतीच्या निरीक्षण विहिरींचं पाणी काढायचं हेच काम करते. इथे गंजक्या टाक्यांनी इतका धुमाकूळ घातला की १९८४ साली जमिनीखालच्या टाक्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. नोंदल्या गेलेल्या गळत्या पाच लाखांच्या वर आहेत. तेव्हा तुमच्या डोक्यात वास नाहीये, विहिरीतच आहे.

---

बोलाचाच_भात | १३ मे, सकाळी ८:२०

अमेरिकेच्या गोष्टी पुरे. सरकारी लॅबचा रिपोर्ट चांगला आलाय, मग यांना कशाला घाबरवता?

---

कातळकडा | १३ मे, सकाळी ९:१०

बो. भात, त्या रिपोर्टमध्ये काय काय तपासलंय ते वाचा. पीएच, क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू. पेट्रोल शोधलेलंच नाही. साखर तपासून मलेरिया नाही म्हणण्यातला प्रकार आहे हा. ज्यांनी तपासलं त्यांनी चूक केलेली नाही, मागितलं तेवढं दिलं.

रहाट, एनएबीएल मान्यतेच्या लॅबला फोन करून सांगा: बीटेक्स, जीसी-एमएस या यंत्रावर, शिवाय एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन. बीटेक्स म्हणजे बेंझीन, टोल्यूइन, इथिलबेंझीन, झायलीन. निकाल मायक्रोग्रॅम प्रति लिटरमध्ये मागा. पिण्याच्या पाण्यात बेंझीनची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० मायक्रोग्रॅम, अमेरिकेची ५. नाकाला बेंझीन कळतं तोवर ही रेघ कधीच मागे पडलेली असते.

एक हिशोब करून दाखवतो. आपल्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का चालतं. म्हणजे लिटरभर पेट्रोलमध्ये १० मिली, वजनानं साधारण ८.८ ग्रॅम. १० मायक्रोग्रॅमच्या हिशोबानं ते ८ लाख ८० हजार लिटर पाणी बाद करू शकतं. २० फूट व्यासाच्या विहिरीत १५-१६ फूट पाणी असेल तर ते होतं दीड लाख लिटरच्या आत. सगळं विरघळत नाही, बरंच उडतं, तरी अंदाज यावा.

आणि दोन गोष्टी घरच्या घरी बघा. एक, तवंगात काडी फिरवा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर लोहजंतूंचा पापुद्रा आहे, निरुपद्रवी. काडी काढल्यावर तवंग परत मिळून आला तर तेल. दोन, विहिरीवर कधी डिझेल इंजिन होतं का? अर्ध्या तक्रारींत स्वतःचंच इंजिन निघतं.

---

रहाट | १३ मे, दुपारी १:३०

काडी फिरवली. मिळून आला. इंजिन २००९ पर्यंत होतं, पण ते डिझेलचं. हा वास पेट्रोलचाच आहे.

---

डिपरॉड | १३ मे, दुपारी २:४५

पंपावर सोळा वर्षं मॅनेजर होतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. मालक मुद्दाम कोणी तेल जमिनीत सोडत नाही, त्याचाच पैसा आहे तो. पण बारीक गळती त्यालाही कळत नाही, हे खरं.

रोज सकाळी टाकीत डिपरॉड घालून साठा मोजतात, विक्रीशी ताळा करतात. आता बघा, सेकंदाला एक थेंब गळतोय. वीस थेंबांचा एक मिली धरला तर दिवसाला सव्वाचार लिटर, वर्षाला दीड हजारावर. उलट १० हजार लिटर पेट्रोल पाच अंशांनी थंड झालं तर नुसत्या आकसण्यानं पन्नासेक लिटर 'कमी' दिसतं. त्यात बाष्पीभवन, त्यात रॉडवरची रेघ डोळ्यानं वाचायची. सव्वाचार लिटर त्यात कुठे दिसणार? बहुतेक वेळा टाकी चांगली असते, गळतो तो पाइपचा सांधा, नाहीतर मशीनच्या बुडाखालचा जोड.

तुमच्या नातलगांकडे वर्षभराचं स्टॉक रजिस्टर बघायला मागा. एका दिवसाची घट सोडा. घट रोज एकाच बाजूला झुकतेय का ते बघा. कधी कमी कधी जास्त असेल तर मोजणीची चूक. सतत कमीच असेल तर जमीन पितेय.

---

पुढची_तारीख | १३ मे, सायंकाळी ६:००

वकील आहे, थोडक्यात लिहितो.

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २४ (पाण्यात प्रदूषक सोडायला मनाई) विहिरीलाही लागू आहे, आणि त्या कायद्यातल्या 'प्रवाह' शब्दात भूमिगत पाणीही येतं. लेखी तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात द्या, पोच घ्या. तुमचा खाजगी रिपोर्ट तक्रारीला आधार म्हणून जोडा. कोर्टात मात्र मंडळानं कलम २१ प्रमाणे घेतलेला नमुना लागतो, म्हणून त्यांनी येऊन नमुना घ्यावा ही मागणी अर्जात स्पष्ट लिहा. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. वादासाठी सहा महिन्यांची मुदत, भरपाईसाठी पाच वर्षांची. आईनं चहाचं सांगितलं ती तारीख वहीत लिहून ठेवा, तिथून दिवस मोजतील.

नातं आहे म्हणून आधी बोलून बघा, पण पोच घेतल्यावर बोला.

---

मीठभाकर | १३ मे, रात्री ८:३०

नमुना कसा घ्यायचा ते लिहिते, कारण निम्मे रिपोर्ट इथेच वाया जातात.

टाकीच्या नळाचं पाणी घेऊ नका. मोटरनं वर चढून टाकीत आदळेपर्यंत बेंझीन उडून गेलेलं असतं. पोहऱ्यानं डुचमळत काढलेलंही नको. लॅबकडून ४० मिलीच्या काचेच्या बाटल्या मागा, टोपीला आतून टेफ्लॉनची चकती असते. आम्ही विहिरीत बेलर सोडतो, म्हणजे तळाला गोळीची झडप असलेली पारदर्शक नळी. खाली जाताना उघडी, वर येताना बंद. तुमच्याकडे बेलर नसेल तर बाटलीला वजन बांधून हळूच बुडवा, पाणी न खळबळता भरू द्या. तवंगाच्या थरातून जाताना बाटली बंद हवी, नाहीतर वरचं पेट्रोलच भरून येईल आणि रिपोर्टला अर्थ राहणार नाही.

बाटली काठोकाठ भरा, पाण्याचा फुगवटा बाटलीच्या तोंडावर दिसला पाहिजे, मग टोपी सरकवत लावा. उलटी करून बोटानं टिचकी मारा. मोहरीएवढा जरी बुडबुडा वर गेला तरी ती ओता, दुसरी भरा. त्या बुडबुड्यात तुमचं बेंझीन गेलं. नवीन मुलांना मी पहिला दिवस नुसत्या नळाच्या पाण्यावर हेच करायला लावते. सगळे चिडतात.

आम्ही आम्ल घालतो, मग नमुना १४ दिवस टिकतो. तुम्ही घालू नका. बर्फात ठेवा आणि सात दिवसांच्या आत तपासून घ्या. सोबत लॅबनं दिलेल्या शुद्ध पाण्याची एक बंद बाटली नेऊन-आणून तीही तपासायला द्या. गाडीत पेट्रोलचा कॅन असेल तर त्या बाटलीत पकडलं जातं.

---

बोलाचाच_भात | १३ मे, रात्री ९:०२

एवढं करण्यापेक्षा नवीन बोअर मारा, विषय संपला.

---

कातळकडा | १३ मे, रात्री ९:३०

मारा, आणि पेट्रोलला खालच्या थराचा रस्ता उघडून द्या.

आपल्याकडे वर माती, मग मुरूम, मग भेगाळ बेसॉल्ट, मधे कुठे तांबड्या मातीचा थर, मग पुन्हा पाषाण. विहीर बहुधा मुरूम आणि भेगाळ थराचं पाणी खाते. बोअरला केसिंग (आत बसवलेला पाइप) असतं वरच्या वीस-चाळीस फुटांना, खाली उघडं भोक. वरचं घाण पाणी त्याच भोकातून दोन-तीनशे फूट खालच्या स्वच्छ थराला मिळतं.

पाणी कुठून कुठे वाहतंय ते आधी काढा. त्याला तीन ठिकाणं लागतात, एका रेषेत नसलेली. तुमची विहीर, शेजाऱ्याची, आणि पंपाच्या बाजूला एखादी. गवंड्याकडची लेव्हल पाइप घेऊन तिन्ही कठड्यांची उंची एकमेकांशी जुळवा, मग प्रत्येकाची पाण्याची खोली मोजा. एकाच सकाळी, मोटरी बंद ठेवून. उंचीतून खोली वजा केली की कुठलं पाणी वर, कुठलं खाली ते कागदावर त्रिकोण काढून दिसतं. बेसॉल्टमध्ये भेग जाईल तिकडे पाणी जातं, मधे डाइक (खडकात उभा घुसलेला दगडाचा पट्टा) आडवा आला तर भिंतीसारखा अडवतो, म्हणून त्रिकोणावर डोळे मिटून भरवसा नको. पण पंपाकडून तुमच्याकडे उतार आहे की नाही एवढं कळेल.

आणि मुख्य. एकदा तपासून थांबू नका. भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. तेच महिने धरा. एक वही करा.

---

डिपरॉड | १४ मे, सकाळी ८:००

मोजायला महागडं यंत्र नको. पंपावर दोन पेस्ट असतात. एक पाण्यात रंग बदलते, दुसरी तेलात. स्टीलच्या टेपला एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला ती लावून विहिरीत सोडा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे वर तरंगणाऱ्या पेट्रोलचा थर. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यासाठी वेगळी वॉटर पेस्ट येते, ती मागा.

---

रहाट | १६ मे, रात्री ८:१०

आज केलं. टेप, दोन पेस्ट, लेव्हल पाइप आणि आमचा गवंडी दत्तू, जो सगळ्यांना सांगत होता की मालक पाण्याला पाणसळ लावतायत.

कठड्यावर उत्तरेला खिळ्यानं खूण केली, तिथूनच मोजायचं. पाणी ११.२ मीटरवर. टेप वर आली तेव्हा एका बाजूची पेस्ट जिथे लाल झाली त्याच्या किंचित वर दुसरी बाजू विरलेली. फूटपट्टी लावली, ३ मिलिमीटर. आप्पा शेजारी उभे होते. त्यांनी टेप नाकाशी नेली, काही बोलले नाहीत, आत गेले आणि टँकरवाल्याला स्वतः फोन लावला.

त्रिकोणही काढला. उतार हायवेकडून आमच्याकडे.

---

रहाट | ३ जून, दुपारी १२:२०

रिपोर्ट. बेंझीन १४० मायक्रोग्रॅम. सोबतची शुद्ध पाण्याची बाटली कोरी. मंडळाकडे अर्ज दिला, पोच घेतली. मग मामांकडे (पंपवाले) गेलो. आधी आवाज चढला, नंतर चहा आला. रजिस्टर दाखवतो म्हणाले.

---

रहाट | ९ ऑगस्ट, रात्री ९:१५

मंडळी, आनंदाची बातमी का काय ते तुम्हीच सांगा. पाऊस चांगला झाला, पाणी ४ मीटरवर आलं. वास नाही, तवंग नाही, पेस्टवर काही नाही. गावात सगळे म्हणतात पावसानं विहीर धुतली. मामा म्हणतात, "बघ, आमचं नव्हतंच." टँकर बंद करू का?

---

बोलाचाच_भात | ९ ऑगस्ट, रात्री ९:२२

झालं ना? मी पहिल्या दिवशीच म्हणत होतो.

---

मीठभाकर | १० ऑगस्ट, सकाळी ६:५०

टँकर बंद करू नका!! पाणी चढलं की पेट्रोल मुरुमाच्या बारीक छिद्रांत पाण्याखाली कोंडलं जातं. विहिरीत तरंगायला येतच नाही. पाणी उतरलं की तेच पुन्हा पाझरून विहिरीत उतरतं. उन्हाळ्यात जी जाडी दिसते तीही खरी नसते, जमिनीत असते त्यापेक्षा विहिरीत जास्त दिसते. माझ्याकडे अशा विहिरी आहेत ज्या दरवर्षी पावसाळी महिन्यांत 'बऱ्या' होतात.

हवाईतल्या रेड हिलचं सांगते, कारण तिथलाही दगड आपल्यासारखाच बेसॉल्ट. अमेरिकी नौदलाच्या डोंगरात कोरलेल्या वीस टाक्या, एकेक सव्वा कोटी गॅलनची, आणि खाली शंभर फुटांवर होनोलुलूचं पिण्याचं पाणी. २०१४ साली एका टाकीतून २७ हजार गॅलन इंधन गेलं. भोवती निरीक्षण विहिरी होत्या. मे २०२१ मध्ये सांडलेलं इंधन आग विझवायच्या पाइपमध्ये सहा महिने पडून राहिलं आणि नोव्हेंबरमध्ये तो पाइप फुटला. नळाला वास येतो हे घराघरांतून लोक सांगू लागले. सुमारे ९३ हजार लोकांचं पाणी. मार्च २०२२ मध्ये ती टाक्यांची वसाहत कायमची बंद करायचा आदेश निघाला. तुमची आई आणि तिथल्या बायका, नाकं सारखीच.

---

सांजवात | १० ऑगस्ट, सकाळी ९:३०

माझी चुलतबहीण चेन्नईला तोंडियारपेटजवळ राहायची. तिथे २०१३ साली लोकांच्या बोअरमधून पाण्याऐवजी तेल येऊ लागलं, जमिनीखालच्या जुन्या पाइपलाइनमुळे. ती सांगायची, बायका बोअरच्या पाण्याची बादली गॅसपासून लांब ठेवायच्या. तेव्हा मला खोटं वाटलं होतं.

---

रहाट | २२ ऑक्टोबर, रात्री ८:४५

पाणी ३.४ मीटर. पेस्ट कोरी. लॅब: बेंझीन ६. अमेरिकेच्या रेघेच्या वर, संघटनेच्या रेघेच्या खाली. आई विचारते, "मग प्यायचं कुणाच्या रेघेनं?"

टँकर चालूच ठेवलाय. आप्पा वही सांभाळतात आता. मला हात लावू देत नाहीत.

---

कातळकडा | २३ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

आप्पांना नमस्कार सांगा. एक भर घालतो. पेट्रोलमधलं इथेनॉल जमिनीतले जंतू आधी खातात आणि त्यात तिथला प्राणवायू संपवतात. बेंझीन मग लवकर खाल्लं जात नाही, जास्त लांब जातं. म्हणून तुमच्या पलीकडच्या, उताराकडच्या विहिरीही वहीत घ्या. वास नसला तरी.

---

रहाट | २८ एप्रिल, रात्री १०:०५

धागा वर काढतोय.

मार्चमध्ये पाणी ८.९ मीटरला गेलं आणि पेस्टवर पुसटशी खूण आली. आज ११.४ मीटर. थर २ मिलिमीटर. वासही आलाय.

या वेळी वही घेऊन मामांकडे गेलो, रिपोर्ट नेला नाही. त्यांनी तासभर पानं उलटली, मग मुनिमाला हाक मारून रजिस्टर आणायला सांगितलं. दोन नंबरच्या मशीनची घट चौदा महिने एकाच बाजूला. परवा बुडाखालची फरशी काढली. सांध्याखालची माती काळी, हातात घेतली तर वास. सांधा बदलला, ती लाइन बंद आहे. मंडळाचे लोक नमुना घेऊन गेले. दोन बाटल्यांत, सह्या करून.

---

डिपरॉड | २८ एप्रिल, रात्री १०:४०

फरशी काढणारा मालक विरळा. त्यांना माझ्याकडून सांगा, मशीनखाली गळती पकडणारं भांडं बसवून घ्या.

---

बोलाचाच_भात | २९ एप्रिल, सकाळी ८:१५

मग आता विहीर नीट झाली म्हणायची का? (खरंच विचारतोय.)

---

कातळकडा | २९ एप्रिल, सकाळी ८:५०

नळ बंद केला, फरशी अजून ओली आहे. मुरुमात जे गेलंय ते काही वर्षं उतरत-चढत राहील. वरचा थर काढत राहायचं, ते पेट्रोल उघड्यावर ओतायचं नाही की जाळायचं नाही, मंडळाला विचारून विल्हेवाट लावायची. आणि मोजत राहायचं.

---

रहाट | २९ एप्रिल, रात्री ९:००

पुढची मोजणी १६ मे, सकाळी सहाला, मोटरी बंद ठेवून. उताराकडच्या चार विहिरीवाल्यांना आप्पांनी सांगितलंय, दोघे तयार आहेत, एकजण म्हणतो माझ्या विहिरीला नाव लावू नका. शाळेचा बोअरही घेतोय. मीठभाकरताई, बाटल्या एकूण किती मागवू?

---

मीठभाकर | ३० एप्रिल, सकाळी ५:४५

प्रत्येक ठिकाणच्या तीन, आणि शुद्ध पाण्याची एक वेगळी. सहा जास्तीच्या मागवा, बुडबुडा येतोच. शाळेच्या बोअरचं पाणी सर्वांत आधी घ्या, तुमच्या विहिरीचं सर्वांत शेवटी. हातमोजे दर विहिरीला नवे.